शालेय छळ, अध्ययन अक्षमता आणि आत्मसन्मान

शालेय छळ आणि अध्ययन अक्षमता यांचा आत्मसन्मानावर होणारा दीर्घकालीन परिणाम हा शैक्षणिक मानसशास्त्र, बालरोगशास्त्र आणि समाजशास्त्र यांच्या सीमारेषेवरील अभ्यासविषय आहे. वाचन, लेखन किंवा गणित यांत मागे पडणाऱ्या मुलाला वर्गात कशी वागणूक मिळते, त्या वागणुकीतून त्याचे स्वतःविषयी कोणते मत बनते आणि ते मत प्रौढ वयात किती टिकून राहते, हे या अभ्यासाचे मुख्य प्रश्न होत. छळ आणि अध्ययनातील अडचण या दोन वेगळ्या गोष्टी असल्या तरी शाळेत त्या पुष्कळदा एकाच मुलाच्या वाट्याला येतात. त्यामुळे त्यांचा विचार एकत्र केला जातो.

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा प्रामुख्याने मुंबई-पुण्यातील इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या अनुषंगाने झाली. ग्रामीण भागात हाच प्रश्न जात, ऋतुमानानुसार होणारे स्थलांतर आणि घरची बोली यांच्याशी गुंतलेला आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात हे सर्व घटक एकत्र आढळतात. पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोड मजुरांची मुले, अकोले तालुक्यातील आदिवासी मुले आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतून शाळेत येणारी मुले यांचे अनुभव एकसारखे नाहीत; पण वर्गात त्यांना लावली जाणारी विशेषणे मात्र बहुधा तीच असतात.

संज्ञा

शालेय छळाची आज सर्वाधिक वापरली जाणारी व्याख्या डॅन ओल्व्हेउस (१९३१–२०२०) या स्वीडनमध्ये जन्मलेल्या आणि नॉर्वेत काम केलेल्या मानसशास्त्रज्ञाची आहे. तिच्यात तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत: दुखावण्याचा हेतू, कृतीची पुनरावृत्ती आणि दोन बाजूंमधील शक्तीची विषमता. दोन समबळ मुलांचे मधल्या सुट्टीतील भांडण या व्याख्येत बसत नाही. ज्याला उलट उत्तर देता येत नाही अशा मुलाला रोज एका नावाने हाक मारणे मात्र बसते. मारहाण, धमकी, वस्तू लपवणे, चिडवणे, अफवा पसरवणे आणि खेळात वा डब्याला सोबत न घेणे हे छळाचे नेहमीचे प्रकार होत; मोबाइल फोन आल्यापासून त्यांत समूहसंदेश आणि छायाचित्रांद्वारे होणाऱ्या छळाची भर पडली आहे. युनेस्कोच्या २०१९ मधील अहवालानुसार जगातील जवळजवळ प्रत्येक तिसऱ्या विद्यार्थ्याला मागील महिन्याभरात शाळेत छळ सोसावा लागला होता.

मराठीत या अर्थाचा एकच रूढ शब्द नाही. ‘चिडवणे’, ‘खोड्या काढणे’, ‘दादागिरी’ आणि ‘त्रास देणे’ हे शब्द वापरले जातात आणि त्यांतील पहिले दोन ऐकणाऱ्याला निरुपद्रवी वाटतात. तक्रार घेऊन आलेल्या मुलाला ‘चिडवतातच, त्यात काय एवढे’ असे उत्तर मिळण्यामागे शब्दांच्या या सौम्यपणाचाही थोडा हात असावा.

अध्ययन अक्षमता म्हणजे बुद्धी सर्वसाधारण असून, दृष्टी व श्रवण ठीक असून आणि शिकण्याची संधी मिळूनही वाचन, लेखन वा गणन या विशिष्ट कौशल्यांत येणारी टिकाऊ अडचण. वाचन-अक्षमता (डिस्लेक्सिया), लेखन-अक्षमता (डिसग्राफिया) आणि गणन-अक्षमता (डिसकॅल्क्युलिया) हे तिचे प्रमुख प्रकार. १८९६ मध्ये डब्ल्यू. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली. हा मुलगा हुशार व चटपटीत होता, पण त्याला वाचता येत नव्हते; सगळे शिक्षण तोंडी असते तर तो शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत त्या नोंदीत आहे. ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ ही संज्ञा मात्र १९६३ मध्ये अमेरिकेतील सॅम्युएल कर्क यांच्यामुळे रूढ झाली.

आत्मसन्मान म्हणजे व्यक्तीने स्वतःचे केलेले मूल्यमापन. विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये त्याचे वर्णन यश आणि अपेक्षा यांचे गुणोत्तर असे केले होते. मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ मध्ये तयार केलेली दहा विधानांची मापनश्रेणी आजही संशोधनात वापरली जाते. पुढे सुझन हार्टर यांनी दाखवून दिले की मुले स्वतःला सरसकट एकच गुण देत नाहीत. अभ्यास, खेळ, मैत्री, रूप आणि वागणूक यांविषयी ती वेगवेगळा निवाडा करतात आणि त्याशिवाय ‘मी माणूस म्हणून बरा आहे का’ याचा स्वतंत्र अंदाज बांधतात. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

देवनागरी लिपी आणि वाचनातील अडचण

वाचन-अक्षमतेविषयीचे बरेचसे लिखाण इंग्रजी वर्णलेखनाला धरून झालेले आहे. मराठीत उच्चार आणि लेखन यांचा मेळ इंग्रजीपेक्षा पुष्कळ अधिक असल्यामुळे मराठी शाळेत ही अडचण उद्भवतच नाही, असा समज काही काळ होता. तो बरोबर नाही. अडचण असते, तिचे रूप वेगळे असते. मराठी वाचणारे असे मूल अक्षरे ओळखते, पण फार सावकाश वाचते. शब्दाच्या शेवटाशी पोचेपर्यंत त्याची सुरुवात निसटलेली असते.

देवनागरीत शिकायच्या चिन्हांची संख्या मोठी आहे. मूळ वर्णांबरोबर बाराखडी येते आणि तिच्यामागून जोडाक्षरे. घ-ध, भ-म, ब-व, प-ष या जोड्यांतील फरक एखाद्या रेघेचा किंवा गाठीचा असतो. ‘ख’ हे अक्षर ‘रव’ असे वाचले जाते. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते, पण तिचा उच्चार व्यंजनानंतर होतो. ‘र’ हे एकच व्यंजन ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’ आणि ‘दऱ्या’ या चार शब्दांत चार रूपे घेते. सर्वसाधारण मुलाला हे तिसरी-चौथीपर्यंत सरावाने जमते. अक्षमता असलेल्या मुलाचा गोंधळ पाचवी-सहावीतही कायम राहतो आणि तेव्हा तो निष्काळजीपणा ठरवला जातो, कारण त्याच मुलाला तोंडी विचारलेले सारे येत असते. ‘येते, पण लिहीत नाही, आळशी आहे’ हा शेरा अशा मुलांच्या बाबतीत वारंवार आढळतो.

‘ढ’

मराठी शाळेत अभ्यासात मागे असलेल्या मुलाला ‘ढ’ म्हणण्याची प्रथा जुनी आहे. ब्राह्मी लिपीपासून देवनागरीपर्यंतच्या दोन हजारांहून अधिक वर्षांच्या वाटचालीत बहुतेक अक्षरांची रूपे पालटली, ‘ढ’ मात्र जवळपास तसाच राहिला; म्हणून जो पुढे सरकत नाही तो ‘ढ’, असे तिचे लोकप्रिय स्पष्टीकरण आहे. अशोकाच्या शिलालेखांतील ‘ढ’ आजच्या अक्षराशी खरोखरच मिळताजुळता आहे.

हे विशेषण मुलाच्या कामगिरीविषयी काही सांगत नाही. मूल बदलणार नाही, एवढेच सांगते. ‘तुला हे गणित आले नाही’ आणि ‘तू ढ आहेस’ या दोन वाक्यांतील अंतर मानसशास्त्राच्या दृष्टीने फार मोठे आहे. पहिल्यात अपयश एका प्रसंगापुरते राहते, दुसऱ्यात ते व्यक्तीचा स्थायी गुण होते. शिवाय हा शब्द शिक्षक, पालक आणि वर्गसोबती असे तिघेही वापरतात, त्यामुळे मुलाला तो कोणा एकाच्या रागाचा उद्गार न वाटता सर्वमान्य निर्णय वाटू लागतो. ‘मठ्ठ’, ‘नापास’, ‘दगड’ हे याच कुळातील शब्द. गुणानुक्रमे बसवणे, हुशार आणि ‘कच्ची’ मुले वेगळ्या रांगेत किंवा तुकडीत ठेवणे, बाकावर उभे करणे, अंगठे धरायला लावणे, मुलाला शिक्षा म्हणून मुलींच्या रांगेत बसवणे या पद्धतींनीही हाच निर्णय सर्वांसमक्ष जाहीर केला जातो. यातील शेवटच्या शिक्षेत मुलींचाही अपमान आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

दोहोंचा परस्परसंबंध

अध्ययन अक्षमता असलेली मुले छळाला अधिक प्रमाणात बळी पडतात, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत आढळले आहे. याची कारणे वर्गाच्या नित्यक्रमात सापडतात. मोठ्याने वाचन हा मराठी माध्यमाच्या वर्गातील रोजचा प्रकार आहे. एकेक परिच्छेद वाचत पाळी जवळ येऊ लागली की अडखळणारे मूल आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येईल हे मोजू लागते आणि दरम्यान शिकवलेल्या भागाकडे त्याचे लक्ष राहत नाही. पाळी आल्यावर वर्ग हसतो. मधल्या सुट्टीत त्या वाचनाची नक्कल होते. दुसऱ्या दिवशी मूल पोटदुखीची तक्रार करते किंवा पुस्तक घरी विसरते. गैरहजेरीने अभ्यास आणखी मागे पडतो आणि नकलेला नवा विषय मिळतो.

या चक्रातून मुलांचे वर्तन साधारणपणे दोन दिशांना जाते. काही मुले गप्प होतात, मागचा बाक धरतात, प्रश्न विचारणे सोडतात. काही मुले वर्गाची करमणूक करण्याचे काम अंगावर घेतात किंवा स्वतः दांडगाई करू लागतात. ‘ढ’ ठरण्यापेक्षा ‘वाह्यात’ ठरणे त्यांना परवडते. दुसऱ्या प्रकारची मुले निदान शिक्षकांच्या नजरेत भरतात. गप्प बसणारी मुले, आणि त्यांत विशेषतः मुली, कोणाच्या लक्षात न येता शाळेबाहेर पडतात.

मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये प्रयोगांतून मांडलेली अर्जित असहायतेची संकल्पना येथे उपयोगी पडते. प्रयत्नाचा आणि फळाचा काही संबंध नाही, असा अनुभव वारंवार आल्यास प्राणी आणि माणसे शक्य असतानाही प्रयत्न सोडून देतात. रात्री पाठ केलेला शुद्धलेखनाचा उतारा सकाळी पुन्हा लाल शाईने भरून परत येतो, तेव्हा मूल नेमके हेच शिकत असते.

दीर्घकालीन परिणाम

छळाचे परिणाम बालपणाबरोबर संपतात का, हा प्रश्न बराच काळ अनुत्तरित होता. एकाच गटाचा अनेक दशके पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांनी त्याचे उत्तर दिले. ब्रिटनमध्ये १९५८ मधील एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांच्या राष्ट्रीय अभ्यासातील ७,७७१ जणांची माहिती रियू ताकिझावा, बार्बरा मॉन आणि लुईझ आर्सेनो यांनी २०१४ मध्ये तपासली. सातव्या आणि अकराव्या वर्षी ज्यांचा छळ होत असल्याचे पालकांनी सांगितले होते, त्यांच्यापैकी वारंवार छळ झालेल्यांमध्ये नैराश्य, चिंताविकार आणि आत्महत्येचे विचार यांचे प्रमाण चाळिशी-पंचेचाळिशीतही अधिक आढळले. पन्नाशीत त्यांचे सामाजिक संबंध तुटपुंजे होते आणि आयुष्याविषयीचे समाधान कमी होते. बालपणीची बुद्धिमत्ता, घरची आर्थिक स्थिती आणि आधीच्या भावनिक अडचणी लक्षात घेऊनही हा फरक उरला. अमेरिकेत विल्यम कोपलंड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १,४२० जणांच्या अभ्यासात सर्वांत वाईट स्थिती अशा मुलांची दिसली, ज्यांचा छळ झाला होता आणि ज्यांनी पुढे इतरांचाही छळ केला होता.

अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. या मुलांचे स्वतःच्या अभ्यासाविषयीचे मत इतर मुलांपेक्षा खालच्या पातळीवर असते, हे सातत्याने आढळते. परंतु एकंदर आत्मसन्मान सर्वांचाच खालावतो असे नाही. अनेक मुले ‘मला वाचता येत नाही, पण मी चांगला खेळतो’ किंवा ‘गाडीचे इंजिन मला कळते’ असा हिशोब मांडून स्वतःला सांभाळतात. हार्टर यांनी दाखवलेली आत्मसन्मानाची वेगवेगळी दालने येथे कामी येतात. छळ मात्र ही दालने तोडतो. अभ्यासातील अपयशाला वर्गसोबत्यांचा तिरस्कार जोडला गेला की खेळ आणि मैत्री हे दोन आधारही डळमळतात, कारण खेळाच्या गटात कोणाला घ्यायचे हे तीच मुले ठरवत असतात. म्हणून अक्षमतेपेक्षा तिच्यामुळे मिळालेली वागणूक अधिक काळ टिकते, असे म्हणण्यास आधार आहे.

प्रौढ वयात हा परिणाम सहसा लहानसहान टाळाटाळीतून दिसतो. बँकेत पैसे भरण्याची चिठ्ठी दुसऱ्याकडून भरून घेणे, ‘चष्मा विसरलो’ असे सांगणे, ग्रामसभेत बोलायचे असूनही हात वर न करणे, बढतीसाठी लेखी परीक्षा आहे म्हणून अर्जच न करणे, मुलाच्या शाळेतील पालकसभेला जाणे टाळणे, अशी त्याची रूपे आहेत. मिळालेल्या यशाचे श्रेय नशिबाला आणि अपयशाचे श्रेय स्वतःच्या ‘डोक्या’ला देण्याची सवयही आढळते. अध्ययन अक्षमतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याने मुलाच्या वहीतील चुका पाहताना पालकाला पुष्कळदा आपलीच वही आठवते. काही पालक यामुळे मुलाशी समजुतीने वागतात, काही मात्र त्याच कारणाने अधिक कठोर होतात.

हे परिणाम अटळ नाहीत. हवाई बेटांपैकी कवाई येथे १९५५ मध्ये जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी प्रौढपणापर्यंत पाठपुरावा केला. प्रतिकूल परिस्थितीत वाढूनही अनेक मुले सक्षम प्रौढ झाल्याचे त्यांना दिसले. अध्ययन अक्षमता असलेली काही मुलेही त्यांत होती. अशा मुलांच्या आयुष्यात त्यांच्यावर विश्वास ठेवणारे एखादे वडीलधारे माणूस, मग ते आजी-आजोबा असोत, शेजारी असोत वा शिक्षक, जवळजवळ नेहमी सापडले.

अहिल्यानगर जिल्ह्यातील परिस्थिती

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे (१७,०४८ चौ. किमी). २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ होती. त्याचे उत्तरेकडील तालुके कालव्याच्या पाण्यावर आणि साखर कारखान्यांवर संपन्न झाले. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यात प्रवरानगर येथे आहे. पूर्व व दक्षिणेकडील पाथर्डी, शेवगाव, जामखेड हा भाग अवर्षणप्रवण आहे आणि शेजारच्या बीड जिल्ह्याप्रमाणे तेथूनही ऊसतोड मजूर दरवर्षी बाहेर पडतात.

मुकादमाकडून ‘उचल’ घेतलेली नवरा-बायकोची जोडी, जिला या व्यवसायात ‘कोयता’ म्हणतात, दिवाळीच्या सुमारास गाव सोडते आणि मार्च-एप्रिलमध्ये परतते. सोबत गेलेल्या मुलांचे शाळेचे निम्मे वर्ष फडावरच्या कोपीत जाते. परत आल्यावर मूल वयाने योग्य त्याच इयत्तेत बसते, पण जोडाक्षरे किंवा हातच्याची वजाबाकी शिकवली जात असताना ते तेथे नव्हते. अशा मुलाला अध्ययन अक्षमता असतेच असे नाही. त्याच्या शिक्षणात खंड पडलेला असतो. उलट खरोखर अक्षमता असलेल्या स्थलांतरित मुलाची अडचण ‘गैरहजर असते म्हणून येत नाही’ या स्पष्टीकरणाखाली झाकली जाते. व्याख्येतील ‘शिकण्याची संधी मिळूनही’ ही अट येथे तपासता येत नाही, कारण संधीच अर्धी मिळालेली असते. दोन्ही मुलांना वर्गात मिळणारे नाव एकच असते. कारखान्यांच्या आवारात चालवल्या गेलेल्या साखरशाळा आणि आजी-आजोबांकडे वा नातेवाइकांकडे मागे राहणाऱ्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहे हे शासनाचे व स्वयंसेवी संस्थांचे यावरचे उपाय होत. वसतिगृहामुळे शाळा सुटत नाही. आई-वडिलांपासून सहा महिने दूर राहण्याचे ओझे मात्र मुलावर पडते.

अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. तेथील मुलांची घरची बोली पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठीपेक्षा वेगळी असते. मूल उत्तर देते ते बोलीत. ते बरोबर असूनही शब्दावरून, हेलावरून हसू होते. पुढील वेळी ते उत्तर देत नाही आणि त्याला उत्तर येत नाही अशी नोंद होते. हसण्याचा विषय येथे अभ्यासही नसतो, मुलाच्या आईची भाषा असते.

निदानाची सोय हा आणखी एक प्रश्न आहे. अध्ययन अक्षमता ठरवण्यासाठी बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांची एकत्र तपासणी लागते, आणि ती एका भेटीत उरकत नाही. अकोल्याहून जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. प्रत्येक फेरीत पालकाची मजुरी बुडते. बुद्धिमापन व वाचनाच्या चाचण्या मुलाच्या भाषेत असणे आवश्यक असते आणि बोलीभाषांसाठी अशा प्रमाणित चाचण्यांची वानवा आहे. परिणामी खेड्यातील बहुसंख्य मुलांच्या बाबतीत निदानाची जागा शेऱ्यानेच घेतलेली असते.

जात आणि शाळेतील अवहेलना

महाराष्ट्रात शाळेतील अपमानाची सर्वांत तपशीलवार साक्ष दलित आत्मकथनांत मिळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी साताऱ्याच्या शाळेत वर्गात वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागल्याची आणि शिपाई नसला की पाणी न मिळाल्याची हकिगत स्वतः लिहून ठेवली आहे. ओल्व्हेउस यांच्या व्याख्येतील तिन्ही घटक येथे आहेत, परंतु छळणारा येथे एखादा दांडगा मुलगा नसून संपूर्ण व्यवस्था आहे. पाश्चात्त्य संशोधनातून आलेली व्याख्या भारतीय वर्गाला लावताना हा फरक ध्यानात घ्यावा लागतो.

अकोले तालुक्यातील धामणगाव येथे १९३५ मध्ये जन्मलेले दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) हे आत्मकथन या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्याची रचनाच दुभंगलेल्या स्वप्रतिमेवर उभी आहे: शिकलेले, नोकरी करणारे, लेखक म्हणून नाव मिळवलेले दया पवार आणि त्यांच्याच आत राहणारा, आपली कहाणी सांगणारा दगडू मारुती पवार. दगडू हेच त्यांचे मूळ नाव. जुने नाव मागे टाकले तरी त्या नावाबरोबर सोसलेले काही मागे पडत नाही, हे या पुस्तकातून दिसते. शिक्षण, नोकरी आणि प्रतिष्ठा मिळाल्यावर आत्मसन्मान आपोआप भरून येतो, या समजुतीला त्याने दिलेले उत्तर कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा अधिक बोलके आहे.

नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटाची पार्श्वभूमी अहिल्यानगरजवळील अकोळनेर या गावाची आहे. कैकाडी समाजातील जब्या हा शाळकरी मुलगा त्याचा नायक. ‘फँड्री’ म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. घरच्यांना गावातील डुकरे पकडण्याचे काम करावे लागते आणि तोच शब्द जब्याला चिडवण्यासाठी वापरला जातो. वर्गसोबत्यांच्या, आणि ज्या मुलीवर त्याचे मन जडले आहे तिच्या देखत डुक्कर पकडावे लागण्याचा प्रसंग चित्रपटाच्या उत्तरार्धात येतो. ज्याला चिडवायचे त्याच्याच भाषेतील शब्द हत्यार म्हणून उचलला जातो, ही छळाची नेहमीची रीत येथे नेमकी टिपली आहे. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला, तर उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार सोमनाथ अवघडे याला मिळाला.

वाचन-अक्षमतेविषयी देशभर चर्चा घडवणारा चित्रपट म्हणजे अमोल गुप्ते यांनी लिहिलेला आणि आमिर खान यांनी दिग्दर्शित केलेला ‘तारे जमीन पर’ (२००७). त्यातील निवासी शाळेचे चित्रण पाचगणी येथे झाले. या चित्रपटाने ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द मध्यमवर्गीय घरांत पोचवला. त्याबरोबरच अशा प्रत्येक मुलात एखादा असामान्य कलाकार दडलेला असतो, अशी एक नवी अपेक्षाही त्याने निर्माण केली. ज्या मुलाला वाचता येत नाही आणि चित्रही काढता येत नाही, त्याच्या वाट्याला या चित्रपटातून फारसे काही येत नाही.

कायदेशीर तरतुदी

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ नुसार विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ (अंमल १९ एप्रिल २०१७ पासून) याने मान्यताप्राप्त दिव्यांगत्वाचे प्रकार २१ केले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश केला. मुलांमधील अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापनोपाय योजणे हे या अधिनियमाच्या कलम १६ अन्वये शाळांचे कर्तव्य आहे. महाराष्ट्र छळवणूक प्रतिबंध अधिनियम, १९९९ हा रॅगिंगविरुद्धचा कायदा प्रामुख्याने महाविद्यालये व वसतिगृहे यांच्या संदर्भात वापरला जातो. एका विद्यार्थ्याने दुसऱ्याला दिलेल्या रोजच्या त्रासासाठी प्राथमिक शाळेत कायद्यापेक्षा शिक्षकाची नजर अधिक उपयोगी पडते.

राज्यात अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय १९९६ मध्ये झाला. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय आणि खालच्या स्तराचे गणित अशा त्या सवलती होत. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनची स्थापना झाली. प्रमाणपत्रे देण्याचे काम आरंभी मुंबईतील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांपुरते मर्यादित होते, त्यामुळे सवलतींचा लाभ अनेक वर्षे महानगरातील मुलांनाच अधिक मिळाला. सवलत घेणाऱ्या मुलाकडे ‘फुकटचे गुण’ मिळवणारा म्हणून पाहिले जाते, या भीतीने काही कुटुंबे प्रमाणपत्र मिळूनही ते शाळेत देत नाहीत.

प्रतिबंध आणि मदत

१९८२ च्या अखेरीस नॉर्वेत छळाला कंटाळून तीन मुलांनी आत्महत्या केल्यानंतर तेथील सरकारने १९८३ मध्ये देशव्यापी मोहीम हाती घेतली. ओल्व्हेउस यांनी बर्गन येथील ४२ शाळांतील सुमारे अडीच हजार विद्यार्थ्यांवर तिचा परिणाम तपासला आणि छळाच्या प्रमाणात मोठी घट नोंदवली. या कार्यक्रमाचा भर छळणाऱ्या एका मुलाला शिक्षा करण्यावर नव्हता. मधल्या सुट्टीतील देखरेख, वर्गाने मिळून ठरवलेले नियम आणि बघ्याची भूमिका घेणाऱ्या मुलांना बोलते करणे यांवर होता.

वर्गपातळीवरचे उपाय साधे आणि बहुतांशी बिनखर्चाचे आहेत. अडखळणाऱ्या मुलाला अचानक मोठ्याने वाचायला न लावता उतारा आदल्या दिवशी सांगणे, उत्तरे तोंडी घेणे, वही तपासताना एका वेळी एकाच प्रकारच्या चुका दाखवणे, गुण वर्गासमोर न वाचणे, बोलीतील उत्तर आधी स्वीकारून मग त्याचा प्रमाण मराठीतील पर्याय देणे हे त्यांपैकी काही होत. वाचनाचे प्रत्यक्ष शिक्षण द्यावेच लागते. अक्षर व ध्वनी यांची सांगड पुन्हा पायरीपायरीने घातल्याशिवाय केवळ धीर देण्याने वाचन सुधारत नाही. मुलाला ‘तू हुशार आहेस’ असे सांगत राहणे आणि त्याला वाचता न येणे, या दोन गोष्टी फार काळ एकत्र नांदू शकत नाहीत. फलटण येथे मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचन-लेखन शिकवण्याच्या पद्धतीवर केलेले काम आणि कोल्हापुरात लीला पाटील यांनी सृजन आनंद विद्यालयात केलेला शिक्षारहित, स्पर्धारहित शिक्षणाचा प्रयोग ही महाराष्ट्रातील या दिशेची उदाहरणे होत.

छळ सोसणाऱ्या मुलांसाठी १०९८ हा बालसाहाय्य दूरध्वनी क्रमांक देशभर उपलब्ध आहे. मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही समुपदेशन मिळते आणि शाळा सोडून अनेक वर्षे लोटलेल्या प्रौढांनाही तिचा लाभ घेता येतो.